दंडघेर

धडगावच्या पोषण पुनर्वसन केंद्रात रुजू झाले त्या दिवशी तिथल्या जुन्या सिस्टरनी माझ्या हातात एक पट्टी ठेवली. फूटभर लांबीची, त्यावर हिरवा, पिवळा, लाल असे तीन रंग, सेंटिमीटरच्या खुणा आणि टोकाला छोटी खिडकी. मुलाच्या डाव्या दंडाला, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर ती गुंडाळायची. ताणायची नाही, सैलही सोडायची नाही. मग खिडकीत दिसेल तो रंग वाचायचा. साडेबारा सेंटिमीटरच्या वर हिरवा, साडेअकरा ते साडेबारा पिवळा, साडेअकराच्या खाली लाल. लाल म्हणजे तीव्र कुपोषण. आमच्या अंगणवाडी सेविका या मापाला दंडघेर म्हणतात. 'ताई, याचा दंडघेर घेतला का?' हा प्रश्न तिथं दिवसभर कानावर पडायचा.

माझा अंगठा आणि मधलं बोट जुळवून जे कडं होतं, त्यात साडेअकराचा दंड सहज मावतो आणि भोवती जागा उरते. हे मी शेकडो वेळा करून पाहिलंय. पट्टी हाताशी नसली की बोटंच माप घेतात.

धडगावात चार पावसाळे काढले. पावसाळेच म्हणायचं, कारण सातपुड्यात आमचं काम पावसाळ्यात चढायचं. जून ते सप्टेंबर घरातलं धान्य संपलेलं, नवं पीक अजून शेतात, आई-बाप निंदणीला, आणि वर हगवण, ताप, हिवताप. लाल रंग तेव्हा जास्त दिसायचा. त्यानंतर एका आंतरराष्ट्रीय मदत संस्थेत माझी निवड झाली आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये मी नायजेरियाच्या ईशान्य कोपऱ्यात, बोर्नो राज्याच्या राजधानीत, मैदुगुरीला पोहोचले. पुढचे चौदा महिने मी तिथं होते. निघताना नात्यातल्या एका काकांनी विचारलं होतं, 'आपल्याकडं कुपोषित मुलं कमी आहेत का, म्हणून तिकडं चाललीस?' त्यांना वाईट बोलायचं नव्हतं आणि प्रश्नही चुकीचा नव्हता. मला उत्तर देता आलं नाही. मैदुगुरीत पहिल्या दिवशी गोदामातून सामान घेताना माझ्या हातात तीच पट्टी आली. तेच तीन रंग, तोच साडेअकराचा आकडा.

मैदुगुरी धुळीच्या रंगाचं शहर आहे. मी उतरले तेव्हा हरमाटान सुरू झाला होता. सहारावरून येणारा हा कोरडा वारा सूर्याला दुपारीसुद्धा चंद्रासारखा फिका करून टाकतो. गाड्यांच्या नंबरप्लेटवर राज्याचं ब्रीद लिहिलेलं असतं: बोर्नो, 'होम ऑफ पीस'. शांततेचं घर. ते वाचलं की पोटात कालवायचं. रस्त्यांवर मोटरसायकली जवळजवळ नव्हत्याच. हल्लेखोर मोटरसायकलवरून येत म्हणून २०११ पासून शहरात त्यांना बंदी होती. त्यांच्या जागी सगळीकडं तीनचाकी 'केके', आणि त्यातल्या कितीतरी बजाजच्या. आपल्या ओळखीची रिक्षा अनोळखी गावात घुरघुरत समोर आली की घरचं कुणीतरी भेटल्यासारखं वाटायचं. थोड्या थोड्या अंतरावर चेकपोस्ट. रस्त्यात वाळू भरून ठेवलेले तेलाचे पिंप, गाडीला साप जातो तसं वळत वळत जावं लागेल अशा बेतानं मांडलेले. मैदुगुरी म्हटलं की मला अजूनही आधी ते पिंप दिसतात.

हे सगळं कसं झालं, ते थोडक्यात सांगते. २००२ च्या सुमाराला याच शहरात मोहम्मद युसुफ नावाच्या मौलवीभोवती एक गट जमला. लोक त्याला बोको हराम म्हणू लागले. २००९ च्या जुलैत उठाव झाला, तो चिरडला गेला आणि युसुफ पोलिसांच्या ताब्यात असताना मारला गेला. त्यानंतर अबुबकर शेकाऊच्या हाताखाली हा गट गावंच्या गावं जाळत सुटला. एप्रिल २०१४ मध्ये चिबोकच्या शाळेतून २७६ मुली पळवल्या, तेव्हा जगाला बोर्नो हे नाव कळलं. २०१६ मध्ये गट फुटला आणि दोन बाजूंच्या तीन झाल्या. वीस लाखांहून जास्त लोक घरदार सोडून निघाले. आकडे मोठे आहेत. मला त्यांच्यापेक्षा भुकेबद्दल जास्त बोलायचंय, कारण तिचा माझ्याशी रोजचा संबंध होता आणि ती मला सुरुवातीला अजिबात कळली नव्हती.

माझ्या मनात आफ्रिकेतली भूक म्हणजे दुष्काळ, भेगाळलेली जमीन, हाडांचे सापळे झालेली गुरं. बोर्नोत तसं नव्हतं. जमीन होती, पाऊसही पडत होता. माझ्याबरोबर काम करणारी एक नर्स होती, मूळची बामा गावची, कानुरी समाजाची. मी तिला मलामा म्हणायचे. हौसा भाषेत शिकल्यासवरल्या बाईला आदरानं असं म्हणतात. मी नायजेरियन जेवणाला बिचकू नये म्हणून पहिल्याच आठवड्यात तिनं मला घरी जेवायला बोलावलं. ताटात तुवो होता, घट्ट शिजवून गोळा केलेलं पीठ. सोबत गोरखचिंचेच्या वाळवलेल्या पानांची बुळबुळीत आमटी. मी एक घास घेतला आणि थांबले. ज्वारी होती. तोंडाला लगेच कळलं, विचारावंसुद्धा लागलं नाही. हौसात ज्वारीला 'दावा' म्हणतात आणि बाजरीला 'गेरो'. सकाळी त्यांच्याकडं बाजरीची आंबूस पेज पितात, तिला 'कुनू' म्हणतात. आपल्या आंबिलीची ती सख्खी बहीण. पुढं मी वाचलं की बाजरी मुळात याच, सहाराच्या दक्षिणेला पसरलेल्या साहेलच्या पट्ट्यातली. साडेचार हजार वर्षांपूर्वी आजच्या माली देशाच्या उत्तर भागात तिची शेती होत असल्याचे पुरावे आहेत. आपल्या भाकरीचं माहेर तिकडचं. संक्रांतीला बाजरीची भाकरी थापताना हे आता दर वर्षी मनात येतं.

आणि शेंगदाणा. त्याला तिकडं 'ग्याडा' म्हणतात. तेल काढून उरलेल्या पेंडीच्या कडक तळलेल्या कड्या करतात, 'कुली-कुली', आणि शाळकरी पोरं त्या खिशात घालून फिरतात. मी खानदेशातली, तापीकाठच्या शेतकऱ्याची मुलगी. आमच्या घरी कूट नसेल तर त्या दिवशी स्वयंपाक झाला असं आई मानत नाही. उत्तर नायजेरिया हा एके काळी जगाला शेंगदाणा पुरवणाऱ्या आघाडीच्या मुलखांपैकी होता. कानो शहरात शेंगदाण्याच्या पोत्यांचे पिरॅमिड रचत, एकेकात पंधरा पंधरा हजार पोती. त्यांची चित्रं टपाल तिकिटांवर छापली गेली. मैदुगुरीपर्यंत रेल्वेचा फाटा १९६४ मध्ये आला, तोही बोर्नोचा शेंगदाणा आणि गुरं समुद्राकडं न्यायला. मग सत्तरच्या दशकात साहेलचा दुष्काळ पडला, त्यावर पिकाचा रोग, आणि तोवर देशाला पेट्रोलियमचा पैसा दिसू लागला होता. पिरॅमिड गेले ते परत उभे राहिले नाहीत. पण शेतं होती. लोक खाण्यापुरतं आणि बाजारापुरतं पिकवत होते, तिकडं चाड सरोवराकाठी मासे धरत होते.

युद्धानं जमीन नासवली नाही. युद्धानं माणूस आणि जमीन यांच्यामध्ये खंदक खणला, आणि हे मी अलंकारिक बोलत नाही. बामा, डिकवा, मोंगुनो, गाला या गावांभोवती खरेच खंदक आहेत. आत सैन्य, आत लोक, आत छावण्या. बाहेर शेतं, आणि शेतांत कोण असेल ते सांगता येत नाही. खंदकापलीकडं ठरावीक अंतरापुढं जायचं नाही. गेलात तर एक बाजू तुम्हाला सैन्याचे खबरे समजणार, दुसरी बंडखोरांचे. बायका सरपणाला जातात आणि परत येत नाहीत. रस्त्यालगत आणि गावालगत ज्वारी, बाजरी, मका लावायला बंदी, कारण उंच पिकात माणूस लपतो. युरिया खतावर बंदी, कारण त्याचा बॉम्ब होतो. बाजरीच्या माहेरात बाजरी लावायची चोरी! गुडघ्याच्या खाली राहील ते लावा, म्हणजे चवळी, शेंगदाणा. आणि मोठ्या धोक्यानं पेरणी केलीच, तरी हातातोंडाशी आलेलं पीक कोण कापून नेईल याचा नेम नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये मैदुगुरीपासून जवळच झाबरमारीच्या भातशेतात कापणी करणाऱ्या मजुरांना बांधून मारलं. कमीत कमी ४३ माणसं. कापणीला गेलेली माणसं होती ती.

त्यामुळं कुणी 'तिकडं लोकांना आयतं खायची सवय लागलीय' असं म्हटलं की माझा तोल जातो. परवा एका लग्नाच्या पंगतीत एक सुशिक्षित गृहस्थ हेच म्हणाले आणि मी जेवण अर्धं टाकून त्यांच्याशी भांडले. शेतकऱ्याला त्याच्या बांधावर जाऊ द्यायचं नाही, गेला तर मारायचं, आणि मग त्यानं ताट पुढं केलं की त्याला आळशी म्हणायचं, हे मला ऐकवत नाही.

आमचं बाह्यरुग्ण पोषण केंद्र शहराच्या कडेला, मुना गराजच्या छावणीजवळ होतं. एक पत्र्याची शेड, प्लॅस्टिकच्या ताडपत्रीची सावली, दोन वजनकाटे. सकाळी सहापासून बायका येऊन बसायच्या. पण मापाच्या आधी झडती. २०१७ च्या पहिल्या आठ महिन्यांतच ८३ मुलांच्या अंगावर बॉम्ब बांधून त्यांना गर्दीत पाठवलं गेल्याचं युनिसेफनं जाहीर केलं होतं. त्यातल्या ५५ मुली. एका मुलीच्या पाठीशी तर तान्हं मूल बांधलेलं होतं. त्यामुळं पाठीवर मूल बांधून आलेल्या प्रत्येक आईला दारात 'झानी' सोडावी लागायची. झानी म्हणजे मूल बांधायचं लुगड्यासारखं कापड. ती सोडायची, मूल समोर धरायचं, तपासणारी बाई तिच्या अंगावर यंत्र फिरवणार, मग आत. तापानं फणफणलेलं मूल छातीशी धरून या बायका मुकाट उभ्या राहत. त्यांतल्या एकीनंही कधी तक्रार केली नाही. मला मात्र रोज त्यांच्याकडं बघवायचं नाही.

मग दंडघेर. मग पाय. दोन्ही पावलांवर अंगठे दाबायचे, तीन सेकंद मोजायचे आणि उचलायचे. खड्डा तसाच राहिला तर सूज आहे, आणि मग पट्टीवर हिरवा रंग आला तरी मूल धोक्यात. या सुजेच्या आजाराला आम्ही नर्सिंगच्या पुस्तकात क्वाशिओरकोर म्हणून पाठ केलं होतं, हा शब्द कुठला याचा विचार न करता. तो घानातल्या गा भाषेतला. १९३० च्या दशकात सिसिली विल्यम्स नावाच्या डॉक्टरबाईंनी तिथल्या आयांना विचारलं आणि त्यांनी जे नाव सांगितलं तेच वैद्यकशास्त्रात लिहिलं. अर्थ असा, की पाठीवर दुसरं बाळ आलं की थोरल्याला होतो तो आजार. आईच्या अंगावरचं दूध तुटलं की थोरलं सुजतं, हे पश्चिम आफ्रिकेतल्या आयांना डॉक्टरांच्या आधी कळलं होतं.

मूल लाल निघालं की भुकेची चाचणी. मला सगळ्या कामात हीच आवडायची. आईच्या मांडीवर बसलेल्या मुलाला एक पाकीट द्यायचं. लाल-पांढरं, मुठीत मावेल एवढं, ९२ ग्रॅमचं. कोपरा फाडायचा आणि वाट बघायची. आत शेंगदाण्याची पेस्ट असते. दूध पावडर, साखर, तेल आणि जीवनसत्त्वं-क्षार घालून केलेली. एका पाकिटात ५०० कॅलरी. पाणी लागत नाही, शिजवावं लागत नाही, उन्हात खराब होत नाही. आंद्रे ब्रियां या फ्रेंच बालरोगतज्ज्ञानं १९९६ मध्ये एका कारखानदाराबरोबर हे तयार केलं आणि २००५ मध्ये बोर्नोच्या उत्तरेला, नायजर देशात, साठ हजारांवर मुलांवर त्यानं उपचार झाले. त्याआधी अशा मुलाला आठवडेच्या आठवडे दवाखान्यात ठेवावं लागे आणि आईला घरची बाकीची पोरं टाकून तिथं राहावं लागे. आता खाण्याची इच्छा शाबूत असेल तर मूल घरीच बरं होतं. म्हणून आधी बघायचं, की ते खातं का.

अठरा महिन्यांची एक मुलगी मला आठवते. दंडघेर दहा पूर्णांक चार. चेहरा म्हातारीचा, हौसात अशा सुकलेल्या मुलाच्या आजाराला 'तामोवा' म्हणतात. पाकीट तोंडाशी धरलं तर तिनं मान फिरवली. मलामानं बोटावर थोडी पेस्ट घेऊन तिच्या ओठाला लावली. काही नाही. आम्ही थांबलो. शेडमध्ये चाळीस बायका, पोरांचं रडणं, आणि ती मुलगी नजर कुठंही न लावता बसलेली. मग तिची जीभ बाहेर आली. ओठावरून फिरली, आत गेली. परत आली. मलामानं पुन्हा बोट पुढं केलं. अर्ध्या तासानं त्या मुलीनं पाकीट स्वतःच्या मुठीत धरलं होतं आणि काढून घ्यायला गेलं की चिरकत होती. आईनं तोंडावर झानीचा पदर धरला. हसत होती की रडत होती, मला कळलं नाही. धडगावात पहिल्यांदा अंड्याचा बलक चाटणारं एक पोर मी असंच बघत बसले होते.

त्या बाईनं पाकिटाचा वास घेतला आणि म्हणाली, 'ग्याडा.' आणि पुढं कानुरीत काहीतरी. मलामानं मला सांगितलं, ती म्हणतेय आमच्या शेतातही हेच होतं.

पाकिटावर मात्र फ्रान्सचा पत्ता होता.

ही गोष्ट मला तेव्हापासून सोडत नाही. आता नायजेरियात, नायजरमध्येसुद्धा अशी पेस्ट बनवणारे कारखाने आहेत आणि ते वाढले पाहिजेत असं मला अगदी मनापासून वाटतं. पण त्या दिवशी त्या मुलीसाठी ते पाकीट कुठून आलं याला काडीची किंमत नव्हती. ते आलं, एवढंच. सहा-आठ आठवड्यांत तिचा दंड साडेबाराच्या वर गेला.

पाकिटं बाजारातही विकली जायची, हे लपवत नाही. सोमवारी आम्ही दिलेली पाकिटं बुधवारी फुटपाथवर टोमॅटोच्या ढिगाशेजारी दिसायची. नवा होता तेव्हा आमचा एक तरुण सहकारी यावर संतापायचा. मलामा त्याला म्हणाली, तिला तीन पोरं आहेत, एकच लाल आहे, आणि चौघांना मिळून आठवड्याचा तांदूळ नाही. तू असतास तर काय केलं असतंस? ज्या महिन्यांत घराला वेगळं रेशन मिळायचं त्या महिन्यांत बाजारात पाकिटं कमी दिसायची.

मलामा स्वतः सप्टेंबर २०१४ मध्ये बामाहून पळाली होती. गाव बोको हरामच्या हातात पडलं त्या दिवशी दोन मुलांना घेऊन सत्तरएक किलोमीटर चालत मैदुगुरीला. सैन्यानं मार्च २०१५ मध्ये बामा परत घेतलं, पण गाव उरलं नव्हतं. तिथल्या रुग्णालयाच्या आवारात हजारो माणसं कोंडल्यासारखी राहू लागली. जून २०१६ मध्ये 'मेदसँ साँ फ्राँतिएर' या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय मदत संस्थेचं पथक पहिल्यांदा तिथं पोचलं तेव्हा २४ हजार माणसं होती, त्यातली १५ हजार मुलं. त्यांनी तपासलेल्या मुलांपैकी एकोणीस टक्के तीव्र कुपोषित. छावणीलगत वर्षभरात खणलेल्या १,२३३ कबरी त्यांनी मोजल्या. ४८० मुलांच्या. मलामाच्या बहिणीची पोरं त्या छावणीत होती. त्या कबरींबद्दल ती एकदाच बोलली आणि तेही जेवणाचे डबे धुताना, माझ्याकडं पाठ करून. मी काही विचारलं नाही.

मी असताना १ मार्च २०१८ च्या रात्री कॅमेरूनच्या सीमेजवळच्या रान गावावर हल्ला झाला. रानला पावसाळ्यात रस्ताच नसतो, चारी बाजूंनी पाणी. वर्षभरापूर्वी, जानेवारी २०१७ मध्ये, नायजेरियाच्याच हवाई दलानं चुकून तिथल्या छावणीवर बॉम्ब टाकले होते आणि शंभराच्या घरात माणसं गेली होती. आता बंडखोरांनी तीन आरोग्यसेविकांना उचलून नेलं. त्यातल्या दोघी रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीत सुईण म्हणून काम करायच्या, सैफुरा आणि हौवा. सैफुरा पंचवीस वर्षांची, स्वतःची लेकरं मागं ठेवून रानला गेलेली. सप्टेंबरात तिला मारलं. ऑक्टोबरात हौवाला, वय चोवीस. हौवाची बातमी आली त्या सकाळी आमच्या केंद्रातल्या सगळ्या नर्स वेळेवर आल्या. एकीनं गणवेशाला जास्तीच इस्त्री केलेली मला दिसली. आम्हा परदेशी लोकांना हेलिकॉप्टर होतं, सुरक्षा अधिकारी होते, धोका वाढला की आठवडाभर देशाच्या राजधानीत, अबुजाला पाठवायचे. बातम्यांत आमचे फोटो यायचे. पण बोर्नोतलं मदतकार्य ज्यांच्या खांद्यावर उभं आहे ती मलामासारखी माणसं आहेत. त्यांचं घर तिथंच, कबरीही तिथंच, आणि त्यांना कुणी अबुजाला पाठवत नाही.

मी परतण्याआधी मलामा आणि मी एक काम हौसेनं केलं. आयांनाच पट्टी द्यायची आणि माप घ्यायला शिकवायचं. शेजारच्या नायजरमध्ये ही पद्धत आधी रुजली होती. आमच्यातल्या काहींना शंका होती, की निरक्षर बायकांना जमेल का. रंग वाचायला अक्षर लागत नाही. दोन महिन्यांत अशी वेळ आली, की बायका शेजारणीचं मूल काखेत मारून आणायच्या आणि दारातूनच ओरडायच्या, लाल आहे! आधी मुलं आमच्याकडं येत तेव्हा दहाच्या आतबाहेर पोचलेली असत, आता अकरा-सव्वाअकराला येऊ लागली. या एका सेंटिमीटरमध्ये किती मुलं वाचतात, ते या कामातल्या कुणालाही विचारा.

जानेवारी २०१९ मध्ये मी परत आले. तेव्हापासून मलामाचे व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप येतात, हौसा, इंग्रजी आणि तिनं हिंदी सिनेमांतून उचललेले दोनचार शब्द असं सगळं मिसळून. उत्तर नायजेरियात हिंदी सिनेमा घराघरात आहे. २०२१ मध्ये राज्यपाल बाबागाना झुलुम यांनी मैदुगुरीतल्या छावण्या बंद करायला घेतल्या, लोकांना गावाकडं पाठवलं. त्यातली कित्येक गावं अजून खंदकाच्याच आत होती. १० सप्टेंबर २०२४ ला अलाऊचं धरण फुटलं, शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला, चार लाखांवर माणसं हलवावी लागली. मलामानं छपरावरून निरोप पाठवला होता. मागं कोंबड्यांचा आवाज येत होता.

मग २०२५. अमेरिकेनं परदेशी मदतीला कात्री लावली. ऱ्होड आयलंडमधल्या कारखान्यात याच शेंगदाणा पेस्टची खोकी गोदामात पडून राहिल्याच्या बातम्या मी इथं धुळ्यात बसून वाचल्या. जुलैच्या अखेरीस जागतिक अन्न कार्यक्रमानं सांगितलं, की ईशान्य नायजेरियातल्या तेरा लाख लोकांचं अन्न थांबवावं लागतंय, साठा संपला. बोर्नो आणि शेजारच्या योबे राज्यातली दीडशेहून जास्त पोषण केंद्रं बंद होणार, दोन वर्षांखालच्या तीन लाखांहून अधिक मुलांचे उपचार तुटणार. जुलै, म्हणजे भर पावसाळा, भुकेचा हंगाम. वर्षातले सगळ्यांत वाईट दिवस. बातमी वाचून मी मलामाला फोन लावला, लागला नाही.

चार दिवसांनी तिचा निरोप आला. केंद्राला कुलूप लागलंय. पण पट्ट्या आयांकडं आहेत ना, त्या तिच्या घरी येतात. मूल पुढं करतात, लाल दाखवतात. 'सिस्टर, त्यांचं माप बरोबर असतं,' ती म्हणाली. 'मीच शिकवलंय. आता मी त्यांना कुठं पाठवू?' मोठ्या रुग्णालयातला वॉर्ड अजून चालू होता, तिथं ती अगदी अत्यवस्थ मुलांना पाठवते. बाकीच्यांना घरातली कुली-कुली कुटून, दूध मिळालं तर त्यात कालवून देते. ही त्या पाकिटाची बरोबरी करत नाही हे तिला माझ्याइतकंच माहीत आहे.

त्याच निरोपाच्या शेवटी तिनं एक फोटो पाठवला. शहराबाहेर, चेकपोस्टच्या नजरेच्या टप्प्यात तिनं आणि आणखी तीन बायकांनी मिळून जमिनीचा तुकडा कसायला घेतलाय. शेंगदाणाच, उंच काही लावू देत नाहीत. पानं तजेलदार, पिवळी फुलं लागलेली. तिचा प्रश्न होता, तुझे वडील हेच पिकवतात ना, त्यांना विचार, शेंगा कमी भरतात, काय करू?

मी फोटो नानांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून, बोटांनी मोठा करून बराच वेळ पाहिला. फुलं किती दिवसांची, विचारलं. मग म्हणाले, 'आता आऱ्या सुटतील. त्या जमिनीत शिरल्या तरच शेंग धरते, वर राहिल्या तर वाळून जातात. तिले सांग, रिकामा पिंप घे आणि पिकावरून आडवा लोटत ने. पानं दबली तर दबू दे. दोनदा कर, आठ दिवसांच्या अंतरानं.' आणि थोडं थांबून, 'जिप्सम मिळतं का तिकडं?'

मी सगळं रेकॉर्ड करून पाठवलं. तिकडून हसण्याचा आवाज आला. पिंप तर रस्त्यात ओळीनं उभे आहेत, मलामा म्हणाली, सगळे वाळूनं भरलेले. उद्या सकाळी चेकपोस्टवर जाऊन एक रिकामा करून मागते.